झिंजमधला कोंबडा

"जरा थांबा हो, ऐकू द्या," असं म्हणून सर टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकायचे, मान एका अंगाला कलती करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. समोर सगळे बाक रिकामे. पहिल्या बाकावर लॅपटॉप, त्याला जोडलेला स्पीकर, आणि स्पीकरमधून येणारी सगळ्या वर्गाची घरं. कुकरची शिट्टी, एसीची घरघर, कुणाच्या वडिलांचं फोनवरचं हिंदी भांडण, कुठेतरी रडणारं बाळ. सर ते सगळं देवळातली आरती ऐकावी तसं उभ्याने ऐकायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "आहेत. सगळे आहेत." आणि त्यानंतर हजेरी सुरू व्हायची.

तुम्हीही त्या कोरोनाच्या दिवसांत ऑनलाइन शाळा पाहिली असेल. काळे चौकोन, त्यांवर पांढरी नावं, आणि त्या नावांना शिकवणारा एक बिचारा मास्तर. आमची शाळा बहारीनमधली, मुलं भारतीय, शिकवणं इंग्रजीत. मी तिथल्या कॉम्प्युटर लॅबचा माणूस. रोजची लिंक तयार करायची, मुलांना आत घ्यायचं आणि सगळ्यांचे माईक बंद ठेवायचे, एवढं माझं काम होतं. सरांना ते माईक बंद ठेवणं मुळीच पटायचं नाही.

"अहो घाटावरचे, मी काय भिंतीला शिकवू? हजेरी होईपर्यंत उघडे राहू देत. मग घाला तुमची कुलपं."

मी कराडचा, ते गुहागरकडचे. त्यामुळे मला नाव असं उरलंच नव्हतं.

बाकीचे शिक्षक घरून शिकवत. सर मात्र रोज सकाळी रिफा गावाहून गाडी चालवत शाळेत यायचे. बायको गावी, मुलं पुण्या-मुंबईला, फ्लॅटमध्ये हे एकटे. "घरी फळा नाही," हे त्यांचं कारण. मला विचाराल तर खरं कारण वेगळं होतं. त्यांना बाक लागायचे.

रिकामी शाळा तुम्ही कधी पाहिली आहे? सुटीतली नव्हे, चालू शाळा, पण मुलांविना. घंटा टायमरवर होती, ती आपल्या वेळेवर वाजायची आणि लांबलचक व्हरांड्यातून फिरून परत यायची. पिण्याच्या पाण्याचा कूलर मध्येच हुंकार द्यायचा. भिंतीवर वाढदिवसांचे तक्ते तसेच होते. वाळूचं वारं झालं की बाकांवर बारीक धूळ बसायची, आणि सर तास सुरू करण्याआधी खिशातल्या रुमालाने एकेक बाक पुसून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "सर, बसतंय कोण?" ते म्हणाले, "शर्ट पांढरे असतात हो मुलांचे."

मला तेव्हा हसू आलं. पण ते शिकवायला लागले की हसू पळायचं. कारण सर लॅपटॉपकडे बघतच नसत. ते बाकांकडे बघून शिकवायचे. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता गर्रकन वळायचे आणि एका रिकाम्या बाकाला दटावायचे, "खिडकीजवळ काय चाललंय?" आणि त्याच क्षणी चॅटमध्ये अक्षरं उमटायची, 'सॉरी सर.' खिडकीजवळ बसणारी ती मुलगी तिकडे आपल्या घरात भावाशी कुजबुजत असायची. माईक तर मी बंद केलेले! हे एकदा झालं तर योगायोग म्हणावा. पण हे होतच राहायचं आणि मी आपला कूलरकडे जाऊन पाणी पिऊन यायचो.

हजेरीही ते आडनावांच्या क्रमाने घेत नसत. खिडकीपासून सुरू करायचे आणि बाकांच्या रांगेने दरवाज्यापर्यंत यायचे. समोर पट नाही, कागद नाही. मूल जिथे बसायचं तिथे नजर टाकायची आणि नाव घ्यायचं, की स्पीकरमधून ओ यायची.

मधल्या रांगेत अदनान होता. आठवीतला, मनामातल्या झिंज भागात राहणारा, मूळ गाव कोकणात म्हसळ्याकडे. शाळा भरत होती तेव्हा याची कीर्ती मोठी. सर फळ्याकडे वळले की हा मांजराचा आवाज काढायचा. सर मागे न बघता म्हणायचे, "अदनान, मांजर बाहेर सोडून ये." मग हा खरोखर उठून दारापर्यंत जायचा आणि नसलेलं मांजर बाहेर सोडून परत यायचा. दोघांचं असं छान जमलं होतं.

एका सकाळी सरांनी त्याचं नाव घेतलं आणि स्पीकरमधून आवाज आला, "प्रेझेंट, सर!" पण 'प्रेझेंट' आणि 'सर' यांच्या मधोमध चांगला खणखणीत कोंबडा आरवला.

सर खुदकन हसले. "अरे, झिंजमध्ये कोंबडा पाळलास काय? बिल्डिंगवाल्याला ठाऊक आहे?"

काळे चौकोन खिदळले. अदनानचा चौकोन गप्पच राहिला.

दुसऱ्या दिवशीही कोंबडा होता. सर मला म्हणाले, "पोरगा गावाला गेलेला दिसतोय. विमानं बंद झाली, अडकला. कोंबडा आपल्याकडचाच आहे."

"कोंबड्यातही आपला-परका असतो होय?"

"असतो तर! तुमचा घाटावरचा कोंबडा जेवायला मागतो. आमचा नुसता उजाडल्याचं सांगतो."

असे काही दिवस गेले. मग सर त्या कोंबड्यावर हसेनासे झाले. अदनानचं नाव घेतल्यावर ते डोळे पुन्हा मिटायला लागले. एकदा तास संपल्यावर फळा पुसता पुसता म्हणाले, "कोंबडा रोज आरवतो, कबूल. पण रोज त्याच जागी कसा आरवेल?"

दुसऱ्या दिवशी हजेरी मधल्या रांगेत आली.

"अदनान."

"प्रेझेंट," कोंबडा, "सर!"

सरांनी पुढचं नाव घेतलं नाही. पुन्हा म्हणाले, "अदनान."

"प्रेझेंट," कोंबडा, "सर!" तोच उत्साह, तोच कोंबडा, आणि शेवटी हसू दाबताना नाकातून निघते तशी तीच फुंकर.

तिसरी हाक त्यांनी अगदी हळू मारली, झोपलेल्या पोराला मारतात तशी. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं, फक्त सुरुवातीचा 'प्रे' अडखळून दोनदा वाजला. सगळे माईक उघडे होते, पण त्या क्षणी एकाही घरातून चमचा वाजल्याचासुद्धा आवाज येत नव्हता. मुलांनाही काहीतरी कळलं असावं. 

"बस खाली, बाळा," सर त्या रिकाम्या जागेला म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

तास संपल्यावर मी म्हणालो, "सर, रेकॉर्डिंग आहे ते. सरळ प्रॉक्सी चाललीय. ऑफिसला कळवू. नाव काढतील, मग येईल शुद्धीवर."

"आवाज रेकॉर्डिंग आहे. पण लावतं कोण? मी हाक मारतो, मग कुणीतरी दम खातं, आणि मग लावतं. तिसऱ्या वेळेला तर गडबड झाली. बटण दोनदा दाबलं गेलं, ऐकलंत नाही?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि गृहपाठ रोज येतो. तो अदनानचा नाही. अदनान इतकं मन लावून कधी चुकत नाही."

घरचा फोन कुणी उचलेना. तेव्हा दुपारी आम्ही माझ्या गाडीने झिंजला गेलो. ऊन असं होतं की रस्त्यावर माणूस नाही, गाड्यांच्या सावलीत मांजरं तेवढी पडलेली. न्हाव्याचं दुकान बंद, खालचं किराणा दुकान अर्धं शटर ओढून उघडं. बिल्डिंगच्या जिन्यात फिनाइलचा वास होता. सरांनी बेल वाजवली आणि दाराला कान लावल्यासारखे उभे राहिले.

दार उघडलं ते ओढणीने तोंड झाकलेल्या एका बाईने. सर म्हणाले, "अदनानची अम्मी ना? मी त्याचा गणिताचा..."

पुढचं सांगावंच लागलं नाही. आवाज ऐकल्याबरोबर ती बाई ताठ उभी राहिली, वर्गात शिक्षक आल्यावर मुलं उभी राहतात तशी.

आत स्वयंपाकाच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकून मोबाईल उभा केलेला होता. शेजारी दुसरा, काच फुटलेला जुना मोबाईल. आणि ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर काळ्या मार्करने समीकरणं लिहिलेली होती, फोडणीचे शिंतोडे उडतात तिथपासून वर हात पोचेल तिथपर्यंत.

"अदनान कुठे आहे?" सरांनी विचारलं.

तिने ओट्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. आवाज अगदी सपाट होता. "सुटीत दादीकडे पाठवला होता. मग विमाना बंद झाली. गावात रेंज नाय, पार टेकडीवर जावा लागतं. तो मना फोनवर बोलला, अम्मी, माझ्या नावाने तू जॉईन हो. सरांनी हाक मारली की हा वाजव. मी येईपर्यंत रोज वाजव." इथे ती जराशी हसलीसुद्धा. "दादीच्या अंगणात उभा राहून बोललाय. सकाळचा. कोंबडा मधे ओरडला तर बोलला, राहू दे, सरांना गंमत वाटेल."

"मग?"

"मग ताप आला. डॉक्टरकडे नेईपर्यंत खलास."

नवरा ट्रेलर चालवायचा, तो सौदीत अडकलेला, तिकडून बहारीनला येणारा समुद्रावरचा पूल बंद. ही इथे एकटी. गावाला जाणं अशक्य. "मयत मोबाईलवर बघितला," ती म्हणाली. "रेंज जात होती, तर चित्र मधे मधे थांबायचा. माती टाकताना थांबला तो थांबलाच."

मी भिंतीकडे तोंड केलं.  मघाशी नाव काढण्याच्या गोष्टी मीच केल्या होत्या.

"सर, मना ठाऊक हाय, हा चुकीचा हाय. पण घरात कोणी त्याचा नाव घेत नाय. गावाहून फोन येतात, सगळे रडतात, नाव घेत नायत. त्याचा बापसुद्धा नाय घेत. तुम्ही एकटे रोज सकाळी हाक मारता. जसा काय तो तिथे बसलाय." तिने ओट्याची कड घट्ट धरली. "त्याचा नाव काढू नका, सर. तेवढी एक हाक राहू दे."

 सर टाइल्सकडे बघत होते. मला वाटलं, आता डोळे पुसतील. तर त्यांनी बोट पुढे केलं आणि म्हणाले, "हे इथे चुकलं. बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की उण्याचं अधिक होतं."

अशा वेळी काय हे! मला त्यांचा हात धरून बाहेर ओढावंसं वाटलं. पण त्या बाईने पुढे होऊन अंगठ्याने ते चिन्ह पुसलं, ओढणीच्या टोकाने अंगठा पुसला, आणि मार्कर उचलून नीट केलं. मग खालची ओळ आपणहून बदलली. उत्तर बरोबर आलं.

"शाळा कितवीपर्यंत?" सरांनी विचारलं.

"सातवी. उर्दू शाळा. तो आल्यावर त्याला शिकवायला लागेल, म्हणून ऐकत होते. मग मनाच कळायला लागला."

"बाय," सर म्हणाले, "नाव मी काढणार नाही. रोज हाक मारीन. पण त्याला आता ओ द्यायला लावू नकोस. दमलं असेल पोर. ओ तू दे."

"माझ्या आवाजात? पोरं हसतील."

"गणितं तू सोडवतेस ना? मग ओ तूच द्यायची. आणि हसणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

 परतताना रिफाच्या रस्त्याला लागल्यावर सरांनी मला गाडीतला एसी बंद करायला लावला. त्या उन्हात! आम्ही दोघं घामाने निथळत, काचा बंद करून, काहीही ऐकू येत नसताना ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी नाव घेतलं. स्पीकर गप्प. सरांनी घाई केली नाही. ते मधल्या रांगेतल्या त्या बाकाकडे बघत राहिले. शेवटी एका बाईचा आवाज आला, घसा खाकरून, "हजर, सर."

"सर, हू इज दॅट?" एका मुलीने विचारलं.

"तुमच्या वर्गातली नवीन विद्यार्थिनी. गणितात तुझ्यापेक्षा बरी आहे," सर म्हणाले, आणि पुढे गेले.

कोणीही हसलं नाही. मुलांना कळायला वेळ लागत नाही, आणि त्यांनी ठरवलं तर त्यांच्या तोंडून काही बाहेरही पडत नाही. ऑफिसपर्यंत एक शब्द गेला नाही. मुलं तिला आँटी म्हणायला लागली. ती शंका विचारायची, आधी भीत भीत, मग भांडून. एकदा सरांनी फळ्यावर चिन्ह चुकवलं, तर सगळ्या वर्गाआधी तिने पकडलं. सरांना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते दोनदा चहा प्यायले.

आता एक गोष्ट सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. एका सकाळी तिने "हजर, सर" म्हटलं आणि त्याच्या मागोमाग वर्गात कोंबडा आरवला. मी लगेच लॅपटॉपवर बघितलं. त्या दिवशी लाइनवर खरखर होती म्हणून मी नाव घेतलं जाईल तेवढाच माईक उघडत होतो, आणि तिचा बंद करून झाला होता. सगळे माईक बंद होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंत?"

मी नाही म्हणालो. का ते मला आजही सांगता येत नाही.

"घाटावरच्यांना कोकणातलं काही ऐकू येत नाही," असं म्हणून ते फळ्याकडे वळले. पण त्या दिवशी त्यांनी शिकवताना मधल्या रांगेकडे एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी सरांचा घसा बसला. "वाळू गेली असेल," म्हणाले. मग खोकला आला, मग त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिथून त्यांनी मला फोन केला तो एवढंच सांगायला, की बाकांवर धूळ बसू देऊ नका. बोलताना धाप लागत होती. मी म्हणालो, लवकर या. ते म्हणाले, "बघू, इंशाल्ला." इतकी वर्षं त्यांनी इथे काढली, पण हा शब्द मी तरी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकला. शुक्रवारी ते गेले.

अंत्यसंस्कार इथेच झाले. गुहागरच्या घरी त्यांच्या बायकोने ते मोबाईलवर पाहिले. मोबाईल मी धरला होता. रेंज जाऊ नये म्हणून मी जागचा हललो नाही. मला सारखी ती झिंजमधली बाई आठवत होती.

इथे आठवडा रविवारी सुरू होतो, त्या रविवारी शाळा सुरू झाली. सगळ्या पालकांना निरोप गेला होता की गणिताचा तास होणार नाही. पण सरांची लिंक मी वर्षभराची करून ठेवलेली, ती बंद करायची राहिली होती. ती बंद करायला म्हणून मी वर्गात जाऊन लॅपटॉप उघडला. घंटा झाली. बघतो तर मुलं बाहेर थांबलेली. एकेक करत सगळी नावं, आत घ्या म्हणून वाट बघत होती.

मी त्यांना आत घेतलं. काळे चौकोन पडद्यावर मावेनात.  मुलांना काहीतरी सांगायला हवं होतं. मी फक्त सगळ्यांचे माईक उघडले. घराघरांतून श्वास ऐकू येत होते. एक मूल रडत होतं, ते कुठलं ते मला ओळखता आलं नाही. सरांनी ओळखलं असतं.

तेवढ्यात त्या बाईचा आवाज आला. तिने एक नाव घेतलं. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीचं.

"प्रेझेंट," मुलगी म्हणाली. सवयीने 'सर' म्हणायला गेली आणि थांबली.

बाईने दुसरं नाव घेतलं, मग तिसरं. खिडकीपासून दरवाज्याकडे, सरांच्याच क्रमाने. ती या वर्गात कधी आली नव्हती. कोण कुठे बसतं हे तिने पाहिलेलं नव्हतं. नुसतं रोज ऐकून तिला सगळा वर्ग पाठ झाला होता. नाव घेतलं की ती सरांएवढीच थांबायची, ओ आली की पुढे जायची. मुलं ओ देत गेली. पहिली रांग संपली. मधली सुरू झाली. अदनानच्या आधी बसणाऱ्या मुलाने ओ दिली. मी बाकावर बसलो.

"अदनान," ती म्हणाली.

सगळी घरं उघडी होती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला. ती थांबली. रोज थांबत होती त्यापेक्षा खूप जास्त थांबली. त्या शांततेत मी देवाला हात जोडले, की आता कुठूनही कसलाही आवाज येऊ देऊ नकोस.

आला नाही.

"गैरहजर," ती म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं.